२ नोव्हेंबर १९८८ : संगणककक्षातील जागल्यांची रात्र

१/
२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. अमेरिकेतील उटाह विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग. रात्री ९ वाजून २१ मिनिटांनी तेथील मुख्य यंत्रावरचा भार ५ झाला. भार म्हणजे यंत्रापुढे एका वेळी रांगेत उभी असलेली कामे. एरवी त्या वेळी तो फार तर २ असे. १० वाजून १ मिनिटाने तो १६ झाला आणि १० वाजून ६ मिनिटांनी यंत्र नवे कोणतेही काम स्वीकारेनासे झाले. (सर्व वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या.)

२/
कक्षात जागे असलेल्या कर्मचाऱ्याने १०:२० ला सगळ्या घुसखोर प्रक्रिया बंद केल्या. १०:४१ ला भार २७ झाला. १०:४९ ला त्याने यंत्रच बंद करून पुन्हा सुरू केले. ११:२१ ला भार ३७ होता. झाडून काढावे तितका केर पुन्हा साचत होता. त्याच वेळी देशभरातील अनेक विद्यापीठांत, अशाच कक्षांत, अशीच माणसे हेच करत होती आणि प्रत्येकाला वाटत होते की बिघाड आपल्याच यंत्रात आहे.

३/
आजचा धागा त्या रात्रीविषयी आहे. इतिहासात ही घटना ‘मॉरिस वर्म’ या नावाने ओळखली जाते. इंग्रजीत वर्म म्हणजे किडा. मराठीत वर्म म्हणजे मर्मस्थान. योगायोगाने दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. मात्र ज्याने तो किडा सोडला त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते विद्यापीठांच्या तंत्रसाहाय्य विभागात त्या रात्री जागलेल्या माणसांविषयी. गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या असे. विद्यापीठांचे हे जागले.

४/
थोडी पार्श्वभूमी. १९६० च्या दशकात विद्यापीठात संगणक म्हणजे काचेपलीकडचे एक महाकाय यंत्र असे. विद्यार्थी छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देत आणि काही तासांनी निकाल घेऊन जात. यंत्राला हात लावण्याचा अधिकार मोजक्या ऑपरेटरांना होता. १९८० च्या दशकात चित्र पालटले. प्रत्येक विभागाकडे स्वतःचे व्हॅक्स किंवा सन बनावटीचे यंत्र आले. एमआयटीने १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू करून संपूर्ण संकुलातील विद्यार्थ्यांसाठी संगणकांचे जाळे उभारण्यास आरंभ केला.

५/
यंत्रे वाढली तशी ती सांभाळणारी माणसे लागली. खाती उघडणे, पासवर्ड बदलून देणे, छपाईयंत्र अडले तर पाहणे, रात्री प्रती काढून ठेवणे, आणि हे सारे चालू असताना कार्यप्रणालीच्या पोटात शिरून दोष शोधणे. या कामाला निश्चित पद नव्हते. पुष्कळदा एखादा पदव्युत्तर विद्यार्थीच ते अर्धवेळ करत असे. मोठ्या संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्यांसाठी युसेनिक्स या संघटनेने पहिली कार्यशाळा भरवली ती १९८७ मध्ये, फिलाडेल्फियात. म्हणजे आपल्या रात्रीच्या जेमतेम दीड वर्ष आधी हा व्यवसाय स्वतःला व्यवसाय म्हणू लागला होता.

६/
त्या काळचे इंटरनेट हे प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालये यांचे जाळे होते. त्यावरील पुष्कळ यंत्रांवर बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडवलेली युनिक्सची आवृत्ती चालत असे. हे जग लहान होते आणि त्याची घडी विश्वासावर बसलेली होती. एका यंत्रावर ओळख पटलेल्या माणसाला शेजारच्या यंत्रावर पासवर्डाशिवाय प्रवेश मिळावा, अशी सोय मुद्दाम केलेली असे. वाड्यातील बिऱ्हाडांनी एकमेकांना आपापल्या घरांच्या किल्ल्या देऊन ठेवाव्यात, तसे.

७/
किड्याने नेमकी हीच घडी वापरली. पहिली वाट : ‘सेंडमेल’ हा टपाल वाहणारा प्रोग्राम. त्यात चाचणीसाठी ठेवलेली एक सोय अनेक ठिकाणी उघडीच राहिली होती. ती वापरली की पत्त्याच्या जागी थेट आज्ञा लिहिता येई आणि यंत्र ती निमूटपणे पाळी. जणू पाकिटावर गावाच्या नावाऐवजी ‘तिजोरी उघडा’ असे लिहावे आणि टपाल कारकुनाने खरोखरच ती उघडावी.

८/
दुसरी वाट : ‘फिंगर’ ही सेवा. अमुक माणूस यंत्रावर आहे का, एवढेच ती सांगे. प्रश्न लिहून घेण्यासाठी तिच्याकडे ५१२ अक्षरांची जागा होती, पण येणारा प्रश्न तेवढ्यात मावतो की नाही हे ती तपासत नसे. किडा त्याहून लांब मजकूर पाठवी. जागेबाहेर सांडलेली अक्षरे स्मृतीत नोंदलेल्या परतीच्या पत्त्यावर पडत आणि यंत्र आपल्या सूचनांकडे परतण्याऐवजी किड्याच्या सूचना पाळू लागे. आज संगणकसुरक्षेच्या पहिल्याच धड्यांत शिकवला जाणारा हा दोष तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होता.

९/
तिसरी वाट माणसाच्या आळसाची. किडा पासवर्ड ओळखून पाहत असे : खात्याचे नावच पासवर्ड आहे का, तेच नाव दोनदा, तेच उलटे, मग वापरकर्त्याचे नाव आणि आडनाव. त्यानंतर स्वतःजवळची ४३२ शब्दांची यादी आणि अखेरीस यंत्रावरचा शब्दकोश. एक खाते उघडले की त्याच्या किल्ल्यांनी शेजारची यंत्रे उघडत. शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी, कोणाचाही एक सोपा पासवर्ड पुरेसा होता.

१०/
किडा फाइली पुसत नव्हता, काही चोरून नेतही नव्हता. मग यंत्रे का कोलमडली? एखाद्या यंत्रावर आधीच आपली प्रत आहे का हे तो विचारी, पण खोटे उत्तर देऊन कोणी आपल्याला थोपवू नये म्हणून दर ७ प्रतींपैकी एक उत्तराची पर्वा न करता टिकून राही. हे प्रमाण फार मोठे ठरले. एकेका यंत्रावर डझनावारी प्रती साचल्या आणि त्यांच्या ओझ्यानेच यंत्रे बसली. उटाहमधले ५, १६, २७, ३७ हे आकडे त्या चुकीचे आहेत.

११/
आता बर्कलेत जाऊ. तेथील मुख्य प्रवेशद्वाराच्या यंत्राला संध्याकाळी ७:०४ ला लागण झाली. ८:४० पर्यंत तेथील मंडळींना टपालाची आणि शेजारविश्वासाची वाट कळली होती आणि त्यांनी त्या सेवा बंद करायला सुरुवात केली. ११:२८ ला नासाच्या एम्स केंद्रातील पीटर यी यांनी जाळ्यावरील एका सामायिक टपालयादीवर इशारा पाठवला. त्यात बर्कले, सॅन डिएगो, लिव्हरमोर, स्टॅनफर्ड आणि एम्स या ठिकाणांची नावे होती. बिघाड आपल्या एकट्याचा नाही हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले.

१२/
आणि येथे त्या रात्रीचा खरा पेच उभा राहतो. संस्थेचे यंत्र सांभाळणाऱ्यापुढे दोन पर्याय होते. जाळ्याची तार काढून टाकावी, म्हणजे किडा आत येणार नाही; पण मग इशारा, उपाय, दुसऱ्यांचे अनुभव, यांपैकी काहीच आत येणार नाही, कारण तेही त्याच तारेतून येत होते. किंवा तार राहू द्यावी आणि यंत्र कोलमडण्याचा धोका पत्करावा. वरिष्ठांना विचारायला रात्री कोणी जागे नव्हते. निर्णय जो हजर होता त्यालाच घ्यायचा होता.

१३/
अनेकांनी तार काढली. त्यांना दोष देता येत नाही. ३ नोव्हेंबरला लष्करी मिलनेट आणि अर्पानेट यांच्यामधले टपालाचे दुवेदेखील तोडण्यात आले. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडले गेले. पण तुटलेल्या प्रत्येक दुव्याबरोबर उपायाची वाट लांबत गेली. साथीच्या काळात गावाने वेस बंद करावी आणि वैद्यही वेशीबाहेरच राहावा, तशी ही स्थिती होती.

१४/
याचे सर्वांत बोलके उदाहरण हार्वर्डचे आहे. तेथील एकेन प्रयोगशाळेच्या तांत्रिक व्यवस्थेत अँडी सडथ काम करत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नौकानयन संघातून रौप्यपदक मिळवलेला हा माणूस. किडा सोडणारा त्यांच्या परिचयाचा होता. गोष्ट हाताबाहेर गेल्याचे पाहून त्याने सडथ यांना गाठले. मध्यरात्रीनंतर १२:३४ ला सडथ यांनी एक निनावी संदेश पाठवला : किडा मोकाट सुटला असावा, आणि तो रोखायचा असेल तर पुढील तीन गोष्टी करा. तिन्ही उपाय अचूक होते.

१५/
तो संदेश वेळेवर पोहोचलाच नाही. वाटेतील टपालयंत्रे एक तर किड्याने दमली होती किंवा किड्याच्या भीतीने बंद केलेली होती. संदेश सर्वांच्या हाती पडला तेव्हा त्यातील तिन्ही गोष्टी लोकांनी स्वतःच शोधून काढल्या होत्या. उपाय रात्रीच लिहिला गेला होता; तो घेऊन जाणारा रस्ता तेवढा उरला नव्हता.

१६/
जो उपाय पोहोचला तो बर्कलेतून आला. कीथ बोस्टिक यांनी पहाटे २:५४ ला सेंडमेलची दुरुस्ती जाळ्यावर जाहीर केली. लागण झाल्यापासून आठ तासांच्या आत हे घडले, त्याचे एक मोठे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे : बर्कलेच्या युनिक्सची मूळ संहिता बर्कलेच्याच हाती होती आणि अनेक विद्यापीठांकडेही ती होती. कंपनीच्या दुरुस्तीची वाट पाहत बसण्याऐवजी हे लोक स्वतः संहिता उघडून दोषाच्या ओळीवर बोट ठेवू शकत होते. यंत्र वापरणे आणि यंत्र वाचता येणे यांतील अंतर त्या पहाटे स्पष्ट झाले.

१७/
काही उपाय गमतीदार वाटावेत इतके साधे होते. पर्ड्यू विद्यापीठातील मंडळींच्या लक्षात आले की किडा आपली फाइल एका ठरावीक जागी, ‘एसएच’ या नावाने तयार करतो. त्यांनी त्याच जागी त्याच नावाची एक रिकामी डिरेक्टरी करून ठेवली. नाव आधीच घेतलेले असल्याने किड्याला आपली फाइल तेथे करता येईना. पर्ड्यूचे जीन स्पॅफर्ड यांनी अशा युक्त्या इतरांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून ‘फेज’ नावाची टपालयादी सुरू केली. फेज म्हणजे जिवाणूंना गाठून मारणारा विषाणू.

१८/
पण ही विजयगाथाही नव्हे. सेंडमेलची दुरुस्ती केलेली यंत्रे पुन्हा बाधित होत होती, कारण फिंगरची वाट अद्याप उघडी होती. बर्कलेतील एकाने ती पहाटेच ओळखून सहकाऱ्याला ईमेल केला होता. तो ईमेल बारा तासांहून अधिक काळ वाचलाच गेला नाही. दुपारी ३ च्या सुमारास एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून दूरध्वनी आला तेव्हा बर्कलेला ती कळली. दुरुस्ती जाहीर झाली संध्याकाळी ७:१८ ला. शेजारच्या टेबलावरचे ज्ञान ३,००० मैलांवरून परत यावे लागले. संकटात पहिले अपयश बहुधा निरोपाचे असते, त्याचा हा नमुना.

१९/
त्याच गुरुवारी सकाळी ९ वाजता बर्कलेत युनिक्सची वार्षिक कार्यशाळा सुरू व्हायची होती. सुमारे ४० जाणकार त्यासाठी आधीच गावात येऊन पोहोचले होते. म्हणजे आपापल्या विद्यापीठात आग लागली असताना ती विझवणारे परगावी होते. मात्र त्यामुळे बर्कलेत हातांची कमतरता राहिली नाही. यंत्रभाषेतील किडा उलगडून वाचण्याचे काम तेथे आणि एमआयटीत समांतर चालले. एमआयटीचे शुक्रवारी पहाटे पुरे झाले, बर्कलेचे त्यानंतर त्याच सकाळी. संध्याकाळी बर्कलेच्या मंडळींनी बाहेरून खायला मागवल्याची नोंदही वृत्तांतात आहे.

२०/
या नोंदींविषयी एक शब्द. वर दिलेल्या बहुतेक वेळा उटाहचे डॉन सीली यांनी लगेचच लिहिलेल्या वृत्तांतातून आपल्यापर्यंत आल्या आहेत. एमआयटीचे मार्क आयकिन व जॉन रॉकलिस आणि पर्ड्यूचे स्पॅफर्ड यांनीही आपापले अहवाल लिहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी साधने विरळाच मिळतात : घटनेत गुंतलेल्यांनी मिनिटांच्या हिशेबाने, आपल्या चुकांसह लिहिलेली. त्यांच्या कामाची शिस्तच नोंद ठेवण्याची होती.

२१/
उलट सर्वाधिक प्रसिद्ध झालेला आकडा सर्वांत कच्चा आहे. ‘६,००० यंत्रे बाधित झाली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक लेखात सापडते. त्यामागे मोजणी नव्हती. जाळ्यावर अंदाजे ६०,००० यंत्रे असावीत आणि त्यांतील दशांश बाधित झाली असावीत, अशा दोन अंदाजांचा तो गुणाकार आहे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने उद्धृत केलेला नुकसानीचा अंदाज तर १ लाख ते १ कोटी डॉलर असा सैल होता. रात्रभर जागलेल्या माणसाच्या तासांची किंमत कशी लावायची, हे तेव्हा कोणालाच ठरवता आले नाही.

२२/
किडा सोडणारा होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, कॉर्नेल विद्यापीठाचा पदव्युत्तर विद्यार्थी. उगम लपावा म्हणून त्याने तो एमआयटीच्या यंत्रावरून सोडला. त्याचे वडील संगणकसुरक्षेच्याच राष्ट्रीय केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. १९८६ च्या संगणक गैरवापरविरोधी कायद्याखाली तो दोषी ठरला आणि १९९० मध्ये त्याला ३ वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. या कथेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, म्हणून येथे एवढेच.

२३/
जागल्यांच्या बाजूने पाहिले तर त्या रात्रीचा धडा अवघड आहे. एमआयटीच्या अहवालाने मान्य केले की परस्पर ओळखीचे जाळे उपयोगी पडले : लोकांनी ज्यांच्यावर भरवसा होता त्यांना फोन केले, ईमेल केले. पण ज्याची बर्कलेत किंवा एमआयटीत ओळख नाही, त्या एखाद्या लहान महाविद्यालयातील एकट्या कर्मचाऱ्याने कोणाला फोन करायचा? दारे उघडी ठेवणाऱ्या ज्या विश्वासाने किडा आत आला, त्याच विश्वासाने उपायही पसरला. फरक एवढाच की किडा सर्वांपर्यंत गेला आणि उपाय आधी ओळखीच्यांपर्यंत.

२४/
ही त्रुटी भरून काढण्यासाठी डार्पाने १९८८ सालीच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वयकेंद्र उभारले. कोणीही, कोठूनही, कोणत्याही वेळी फोन करावा अशी ती जागा होती. ओळखीवर चालणारी मदत तेथे प्रथमच हक्काची झाली. पुढे अनेक देशांनी याच धर्तीवर आपापली केंद्रे स्थापली. भारताचे ‘सर्ट-इन’ २००४ पासून काम करते. बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ संकटात आले की ज्या संस्थेचे नाव आपण बातम्यांत वाचतो, तिची वंशावळ अशी विद्यापीठांच्या त्या रात्रीपर्यंत जाते.

२५/
आपल्याकडेही विद्यापीठीय जाळ्याचा आरंभ याच काळातला. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ सुरू झाले. मुंबईची आयआयटी आणि मुंबईचेच एनसीएसटी या दोन्ही संस्था त्यात पहिल्यापासून होत्या. तेथेही दूरध्वनीच्या तारांवरून टपाल नीट जाते आहे ना, हे पाहत कोणीतरी बसलेले असणारच. त्यांचा मिनिटागणिक वृत्तांत आज कोणी लिहून ठेवला तर पुढच्या अभ्यासकांवर उपकार होतील. ती माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारायला हवे.

२६/
निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडले, परीक्षेच्या वेळी सर्व्हर चालला, तर त्याची बातमी होत नाही. तंत्रसाहाय्याचे काम बिघडले तरच दिसते. म्हणून त्याचा इतिहास बिघाडाच्या रात्रींतूनच शोधावा लागतो. २ नोव्हेंबरची रात्र आपल्याला हे सांगते की त्या कक्षातील माणसाला तीन गोष्टी लागतात : यंत्र उघडून वाचण्याची मुभा, रात्री निर्णय घेण्याचा अधिकार आणि अडचणीत फोन करण्यासाठी दुसऱ्या संस्थेतला एक सहकारी. आपल्या महाविद्यालयातील संगणककक्षाला यांपैकी किती गोष्टी मिळतात, हे प्रत्येकाने पाहावे.

धागा येथे संपतो. आपल्यापैकी कोणी किंवा घरातील कोणी असे काम केले असेल, तर आठवणी खाली अवश्य लिहा.